तिच्या मागची बस

सोमवार, ३ मार्च

१५२/९६. ही वही डेपोच्या डॉक्टरांनी गळ्यात मारली. रोज सकाळी रक्तदाब मोजायचा, आकडा लिहायचा आणि खाली दोन ओळी मनातलं लिहायचं, म्हणजे मन हलकं होतं म्हणे. मी म्हटलं, डॉक्टर, मी बारा मीटरची बस चालवतो, मन हलकं करून काय उडवायचंय? ते हसले नाहीत. गोळी मात्र वाढवली. त्यांच्या मते माझ्या दाबाचं कारण रस्ता आहे.

दोन ओळी झाल्या.

बुधवार, ५ मार्च

१४८/९४. खरं कारण डॉक्टरांना सांगता येत नाही. इथे लिहायला हरकत नाही, वही माझ्या लॉकरमध्ये राहते, हिच्या हाती लागायची भीती नाही.

आमची एकुलती एक पोरगी. नाव काहीही असो, घरात भिंगरी, कारण लहानपणी एका जागी बसली तर तिला ताप आलाय असं आम्ही समजायचो. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. चौदा महिने झाले, माझ्याशी बोलत नाही.

झालं ते असं. तिच्या लॅबमधली मैत्रीण सायकलवरून येत होती, वळणावर बसच्या कडेला आली आणि तिच्या पायावरून चाक गेलं. बस आमच्याच डेपोची. जेवताना भिंगरीनं विचारलं, बाबा, चूक कोणाची? मी म्हणालो, बस वळत असताना कडेनं घुसायचं नसतं, चूक तिचीच. घास ताटात ठेवून तिनं विचारलं, "तिच्या जागी मी असते तर?"

आता बापानं इथे काय म्हणायचं असतं ते शेंबड्या पोरालाही कळतं. पण तीस वर्षं स्टिअरिंग धरलेलं, त्यात राग कायम नाकाच्या शेंड्यावर. म्हणालो, "तरी हेच म्हणालो असतो."

ती उठली, आपलं ताट धुऊन ठेवलं, आणि आठ दिवसांत पुलापलीकडे खोली घेऊन राहायला गेली. पहिले दोन महिने मी वाट पाहिली की ती माफी मागेल. मग वाट पाहिली की मला मागायची बुद्धी होईल. आता नुसतीच वाट पाहतो.

शुक्रवार, ७ मार्च

आकडा घ्यायला विसरलो.

जानेवारीत पुलावर उभा असताना ती मला अचानक दिसली. सायकलवर, मागे हिरवी पिशवी, घोट्याला ती चमकणारी पट्टी. सात बावन्नला पुलाच्या पायथ्याशी. दुसऱ्या दिवशीही तीच वेळ. मी घरी काही बोललो नाही. डेपोत पहिलवानाला गाठलं. (हा पहिलवान म्हणजे काडी आहे, फुंकर मारली तर केबिनमधून बाहेर पडेल.) सात बावन्नला पुलावर असणारी फेरी त्याची होती. गर्दीची, कटकटीची फेरी. ती मी मागून घेतली आणि माझी दुपारची निवांत फेरी त्याला दिली. माझं डोकं फिरलंय असं समजून त्यानं लगेच सही केली.

तेव्हापासून पुलापासून हॉस्पिटलच्या सिग्नलपर्यंत, रोज अठरा मिनिटं, मी तिच्या मागे असतो.

पुढे जात नाही. ते टॅक्सीवाले, ते सामान पोचवणारे व्हॅनवाले तिच्या हाताला घासून जातात, मी पाहिलंय. माझी बस मागे उभी असली की कुणाची बिशाद आहे तिच्या अंगावर यायची? सगळा रस्ता माझ्या मागे अडकतो, कर्कश्श हॉर्न मारतो, आईबाप काढतो. काढू देत. फेरी रोज सहा मिनिटं उशिरा पोचते. कंट्रोलवाला विचारतो, मी सांगतो ट्रॅफिक.

तिला कळत असणारच की मागे मी आहे. पुलावर तिला गाठलं की मी दोनदा छोटा हॉर्न देतो. स्कूटरवरून घरी आलो की गेटपाशी तसाच द्यायचो, तेव्हा ती धावत यायची. आता ती मागे वळून पाहत नाही. राग आहे, पण तिचा हक्क आहे रागावर. खांदे कानापर्यंत चढवून, मान आत घालून चालवते. बसायची ढब आईची घेतलीय, आईनंच शिकवली तिला सायकल. मला येत नाही. ड्रायव्हर माणसाला सायकल येत नाही हे डेपोत कुणाला माहीत नाही.

या रस्त्यावर दुसरी एक बाई आहे, तिला मी लाल हेल्मेट म्हणतो. काल सिग्नलला तिनं माझ्या बसच्या पत्र्यावर थाप मारली आणि दाराच्या काचेतून हातवारे केले, अंतर ठेवा म्हणून. मीही दार उघडून चार शब्द ऐकवले. ह्या सायकलवाल्यांना वाटतं रस्ता ह्यांना आंदण दिलाय.

भिंगरी तशी नाही. ती नीट चालवते.

रविवार, ९ मार्च

दर रविवारी अकराला ही फोन घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि दार लावून घेते. अर्धा तास. मी बाहेर पेपर धरून बसतो. एकही पान उलटत नाही. बाहेर आल्यावर ही ठरलेलं सांगते, "बरी आहे." मी म्हणतो, "हं." असा आमचा संसार चाललाय.

आज मात्र हिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, पोरीला रस्त्यात एक बस छळतेय. रोज सकाळी मागे लागते, हटत नाही. रात्री झोप लागत नाही म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणता मार्ग, कोणत्या डेपोची, मी विचारलं. हिला काही माहीत नव्हतं. भिंगरीनं बाबांना सांगू नकोस म्हणून बजावलंय, ते वेगळंच.

पुलावरून आणखी दोन मार्गांच्या बस जातात, पलीकडच्या डेपोच्या. त्या डेपोत नवी भरती झालीय, पोरं माजलेली आहेत. सापडू दे एकदा.

सोमवार, १० मार्च

१५८/९८. आज डोळ्यांत तेल घालून पाहिलं. पलीकडच्या डेपोची एक बस पुलावर माझ्या मागे होती. मी तिला काही केल्या पुढे जाऊ दिलं नाही. भिंगरीच्या आणि माझ्यामध्ये जागाच ठेवली नाही, म्हणजे घुसायचा प्रश्न मिटला. तिच्या मागच्या चाकावरचा चिखलाचा डाग दिसेल इतका जवळ होतो. ती जोरात पॅडल मारत होती. मीही वेग वाढवला.

आता बघू कोण येतो मध्ये.

बुधवार, १२ मार्च

आज ती आली नाही. आजारी असेल का? हिला विचारता येत नाही, तुम्हाला कसं कळलं म्हणेल. रिकाम्या रस्त्यावर बस हाकणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. फेरी वेळेवर पोचली. कंट्रोलवाल्यानं अभिनंदन केलं. मी फोनच ठेवून दिला.

गुरुवार, १३ मार्च

आजही नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आली! वीस मिनिटं पुलाच्या अलीकडच्या स्टॉपवर गाडीत बिघाड आहे असं सांगून थांबलो होतो, प्रवासी मला खायला उठले होते, तेवढ्यात हिरवी पिशवी दिसली. बिघाड तत्काळ दुरुस्त झाला. दोनदा हॉर्न दिला. तिच्या खांद्यांना दचका बसला. ओळखलं तिनं.

सोमवार, १७ मार्च

साहेबांनी बोलावलं. आमचे डेपोचे साहेब माणूस भला, पण बोलताना टेबलावरची टाचणी उचलतो आणि ठेवतो, त्यामुळे समोरच्याचा रक्तदाब वाढतो. म्हणाले, तुमच्या सकाळच्या फेरीविरुद्ध तक्रार आहे. सायकलवरची बाई आहे. पुलापासून पुढे अंगावर येता, हॉर्न देता.

लाल हेल्मेट! मी तिथेच म्हटलं, ओळखतो मी बाईंना. साहेब म्हणाले, नाव सांगायची पद्धत नाही, समोरासमोर बैठक होईल तेव्हा कळेलच. (दोन वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर तक्रार करणाऱ्याच्या घरी जाऊन बसला होता, तेव्हापासून हा नियम.) तोवर लेखी खुलासा द्या, आणि नवीन प्रशिक्षण आहे सायकलवाल्यांबाबतचं, ते करा.

खुलासा मी तिथेच बसून लिहिला. तीस वर्षांत असे बरेच लिहिलेत, हात बसलाय. इथे उतरवून ठेवतो, कारण चांगला जमलाय:

"सदर महिला अत्यंत मंद गतीने सायकल चालविते व संपूर्ण रस्ता अडविते. तिला वाटणारी भीती हा तिच्या मनाचा खेळ आहे. ज्यांना बसची भीती वाटते त्यांनी सायकल घेऊन मुख्य रस्त्यावर येऊ नये. चूक सर्वस्वी सदर महिलेची आहे."

पहिलवानाला वाचून दाखवला. म्हणाला, फ्रेम करून लाव.

रविवार, २३ मार्च

आज स्वयंपाकघरातून बाहेर आल्यावर ही स्वतःहून बोलली. भिंगरीनं त्या बसवाल्याची तक्रार केलीय म्हणे. मी म्हटलं, शाब्बास! सोलून काढा म्हणावं त्याला. हिला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं एका बाजूला होतो.

नंतर आंघोळ करताना मनात काहीतरी येऊन गेलं. झटकून टाकलं. तिला माहीत आहे की मागे मी असतो. दोनदा हॉर्न देतो मी.

गुरुवार, २७ मार्च

प्रशिक्षण झालं. हात दुखतायत, तरी लिहितो.

डेपोच्या मागच्या आवारात सहा सायकली ओळीनं लावलेल्या, मागचं चाक स्टँडवर अधांतरी, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारायचं. सायकलस्वारांच्या संघटनेकडून एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, पँटचा पाय मोज्यात खोचलेला. आमच्या लोकांनी त्यांचं नाव लगेच सायकलबाई ठेवलं. चहाटळपणा भरपूर चालला होता. मीच सगळ्यांत पुढे. सायकल येत नाही हे झाकायचं होतं ना.

बाई म्हणाल्या, मागे वळून पाहायचं नाही, फक्त पॅडल मारा. मग मागून बस आली. आधी एक हात अंतरावरून सपकन निघून गेली. सायकल स्टँडवर असूनही मी हँडल आवळलं आणि पॅडलवरून पाय सटकला. पहिलवान म्हणाला, बाप रे. कुणी हसलं नाही.

मला वाटलं झालं. पण बाई म्हणाल्या, आता दुसरी रीत. बस आली आणि गेलीच नाही. माझ्याच मागे थांबली. एक मिनिट. इंजिनाची घरघर पाठीच्या कण्यातून दातांत येते. गरम हवा पोटऱ्यांना लागते. आता येईल, आता येईल, आता आलीच. मधेच एअर ब्रेकचा फुस्स आवाज झाला आणि माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहीत नाही. मी तीस वर्षं हा आवाज काढतोय. समोरून कधी ऐकलाच नव्हता.

उतरलो. बाईंनी प्रत्येकाला विचारलं, दोन्हींतलं वाईट कोणतं? सहाही जण म्हणालो, दुसरं. बाई म्हणाल्या, "पुढे जाणारा निदान संपतो."

लाल हेल्मेटबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं. बैठकीत तिची माफी मागेन. सरळ हात जोडेन.

शुक्रवार, २८ मार्च

आज लाल हेल्मेटला भरपूर जागा देऊन पुढे गेलो. तिनं हात वर केला. बरं वाटलं.

भिंगरीच्या मागे मात्र कालचं मिनिट सारखं आठवत राहिलं. तिला माहीत आहे मी आहे, तिचं वेगळं. तरी म्हटलं थोडं मागे राहावं. दहा पावलं अंतर सोडलं. तर सोडलेल्या जागेत लगेच एक व्हॅन घुसली, तिला घासून वळली. तिची सायकल डगमगली, पाय जमिनीला लागला. माझा जीव वर आला. लगेच अंतर भरून काढलं आणि सिग्नलपर्यंत तसाच चिकटून राहिलो.

कसं वागावं माणसानं? जवळ गेलो तर भीती, लांब राहिलो तर दुसरा कुणी मध्ये येतो. चौदा महिने हेच चाललंय, फक्त रस्ता नव्हता तेव्हा.

बुधवार, २ एप्रिल

बैठक झाली. आज लिहिता येणार नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

साहेबांनी तीन दिवस घरी बसवलंय. लॉकरमधून वही घरी आणली. ही बाहेर गेलीय, आत्ता लिहून टाकतो.

तिकिटाच्या खिडकीवरची छोटी खोली. एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचे चार ग्लास झाकून ठेवलेले. साहेब, सायकलबाई आणि मी. माफीचं वाक्य घोटून गेलो होतो. दार उघडलं आणि काखेत हेल्मेट धरून भिंगरी आत आली.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहितो. मला आनंद झाला. ती मला भेटायला आली असं वाटलं. मी अर्धा उठलोसुद्धा. मग तिच्या हातातला तक्रारीचा कागद दिसला आणि मी तसाच अर्धा उभा राहिलो. तिचाही पाय दारात अडखळला. साहेब म्हणाले, बसा बसा दोघंही. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. आमच्या आडनावाचे डेपोतच नऊ जण आहेत.

आधी तिची तक्रार वाचली. रोज सात बावन्न ते आठ दहा. मी हळू झाले की तो हळू होतो, मी वेग वाढवला की वाढवतो, कधीच पुढे जात नाही. दोनदा हॉर्न देऊन सुरुवात करतो. दोन दिवस लांबच्या रस्त्यानं गेले, कामाला उशीर झाला, परत आले तर तो स्टॉपवर माझी वाट पाहत थांबलेला होता. काचेवर ऊन असतं, चेहरा कधीच दिसला नाही. माझ्या मैत्रिणीचा पाय मी पाहिला आहे. त्या आवाजाकडे पाठ करून मी रोज अठरा मिनिटं जाते.

साहेब मोठ्यानं आणि सावकाश वाचतात. मग त्यांनी माझा खुलासा उचलला. मी म्हटलं, साहेब, तो वाचू नका. ते म्हणाले, पद्धत आहे. आणि वाचला. मंद गतीने. मनाचा खेळ. चूक सर्वस्वी सदर महिलेची आहे.

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा. आवाज चढवला नाही. म्हणाली, "म्हणाला होतातच तुम्ही."

साहेबांनी टाचणी खाली ठेवली आणि विचारलं, तुम्ही ओळखता एकमेकांना? ती म्हणाली, माझे वडील आहेत. सायकलबाईंनी एका ग्लासावरचं झाकण काढलं आणि ग्लास तिच्याकडे सरकवला. मग दुसरा माझ्याकडे.

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं ती तू आहेस. ती म्हणाली, दुसरी कुणी असती तर चाललं असतं का बाबा? मग जे सुचलं ते बोललो. की तुला दुसऱ्या कुणी घासू नये म्हणून मागे असायचो. की तुला माहीत आहे असं वाटायचं. की दिवसभरात ती अठरा मिनिटंच माझी असायची. हे शेवटचं साहेबांसमोर बोलायला नको होतं, पण बोललो.

ती म्हणाली, "मला वाटायचं कुणीतरी मला मारायला टपलाय. आणि ते तुम्ही होतात. फोन होता ना बाबा. एकदा करायचा होता."

मी खिशातलं पेन काढलं आणि खुलाशाखाली लिहिलं: वरील सर्व खोटे आहे, चूक माझी आहे. सही केली. मग तिला म्हणालो, तुझ्या मैत्रिणीचंही. मी तिथे नव्हतो. चूक कोणाची ते मला काय माहीत होतं? बस आमची होती म्हणून मी बसच्या बाजूनं बोललो. आणि तिच्या जागी तू असतीस तरी हेच म्हणालो असतो, ते खोटं होतं. ती बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होती. मग म्हणाली, ऐकलं.

साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, चालकाचा मार्ग बदलून हवा आहे का? मी सहीला तयार होतो. ती म्हणाली, "मार्ग नका बदलू. त्यांना सांगा, मागे राहायचं नाही. जागा देऊन पुढे जायचं, बाकीच्यांसारखं."

जिन्यात मी विचारलं, घरी कधी येशील? म्हणाली, बघू. आईला आता काही सांगू नका, मी सांगेन. आणि कामाला उशीर होतोय म्हणून गेली.

रविवार, ६ एप्रिल

अकराला ही फोन घेऊन आत गेली. पाऊण तास. बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहून डोक्याला हात लावला. म्हणाली, दर रविवारी त्या बसवाल्याला मी तोंडाला येईल ते बोलायची हो. त्याचे हात झडोत म्हणाले होते मी. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता खुर्चीत बसून रडली. मी तिच्या शेजारी बसलो. डोळे पुसत म्हणाली, मला तरी सांगायचंत, मीही आले असते बसमधून तिला बघायला.

मंगळवार, ८ एप्रिल

पुलावर तिला गाठलं. हॉर्न दिला नाही. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, पूर्ण पलीकडे घेतली गाडी आणि तिच्या बाजूनं निघालो. दाराच्या काचेतून ती दिसली, मग पहिल्या खिडकीतून, दुसऱ्या, मग मागच्या आरशात. मोजलं मी. चार सेकंद.

ती समोरच पाहत होती. खांदे खाली होते, सैल. म्हणजे ती आईची ढब नव्हती. तीन महिने मी तिच्या मागे बसून तिची भीती पाहत होतो आणि कौतुक करत होतो. पुढच्या स्टॉपपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

फेरी वेळेवर पोचली. अठरा मिनिटांचे चार सेकंद झाले. मला मागे राहायचंय. कुणाला सांगू? मला अजूनही रोज मागे राहायचंय.

गुरुवार, १० एप्रिल

एक गोष्ट मी विसरलोच होतो, कारण तीन महिने मी कधी पुढे गेलोच नव्हतो. बस पुढे जाते, पण स्टॉपवर थांबते. सायकल थांबत नाही. मी माणसं घेत असतो तेव्हा ती मागून येते आणि बाहेरच्या बाजूनं, थेट माझ्या खिडकीखालून पुढे जाते. मग मी तिला गाठतो. मग पुढचा स्टॉप. आज तीन वेळा असं झालं. तिन्ही वेळा खिडकी उघडी ठेवली होती. तिसऱ्यांदा जाताना हळू झाली, असं मला वाटलं. नसेलही.

मंगळवार, १५ एप्रिल

हॉस्पिटलच्या अलीकडच्या स्टॉपवर चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा होते. त्यांच्यासाठी फळी खाली सोडावी लागते, मिनिट-दीड मिनिट जातं. सिग्नल लाल होता, पुढे गाड्या तुंबलेल्या. ती मागून आली आणि माझ्या खिडकीपाशी थांबली. पाय जमिनीला टेकवला नाही. सायकल तिरकी होऊ लागली तशी तिनं हात वर केला आणि पत्र्यापासून दोन बोटांवर थांबवला. म्हणाली, "ब्रेक लावलाय ना?"

मी म्हणालो, "लावलाय."

मग तिनं खिडकीची कड धरली आणि सगळा भार बसवर टाकून उभी राहिली. माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर तिची बोटं. नखाला औषधाचा पिवळा डाग. मी हात हलवला नाही, तिच्याकडे पाहिलंसुद्धा बेतानंच. हँडब्रेक लावलेला होताच, तरी मी पायानंही ब्रेक दाबून धरला, पोटरीला गोळा आला तरी सोडला नाही. आजोबा आत आले, फळी वर झाली, दार लागलं. सिग्नल हिरवा झाला. ती बोटं उचलून पुढे गेली. मागच्यानं हॉर्न मारला, आणखी एकानं मारला. ती चौक ओलांडून पलीकडे पोचली, तेव्हा मी ब्रेकवरचा पाय काढला.